तोंडलीच्या वेलाचं फाटक

हडपसरच्या आमच्या मळ्याला पूर्वी बांबूचं एक साधं कवाड होतं. त्यावर आत्यानं तोंडलीचा वेल चढवलेला होता. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. घरात तिला काम भरपूर होतं, पण तिचं म्हणावं असं काही नव्हतं. तो वेल तेवढा तिचा होता.

देश स्वतंत्र झाल्यावर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आजोबांची मोसंबीची बाग भरात आली होती, दगडी बंगला नुकताच बांधून झाला होता, आणि पुणे कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांना असतं तसं लोखंडी फाटक त्यांच्या मनात भरलं होतं. फाळणीनंतर पुण्यात आलेल्या निर्वासितांमध्ये एक चांगला लोहार आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. आजोबांनी त्याला बोलावून घेतलं. तिशीचा, उंच, फारसं न बोलणारा माणूस. चिंचेखाली त्यानं ऐरण रोवली, भाता लावला आणि बाजूच्या खोपटातच तो राहू लागला. फाटकावर भाले हवेत, असं आजोबांनी त्याला बजावलं होतं.

फाटकाच्या खांबांसाठी पाया खणताना गड्यांनी कवाड काढलं आणि वेल मुळासकट उपटला. आत्या विहिरीवरून आली तेव्हा तो वाटेत पडला होता. खाली बसून तिनं होती तेवढी तोंडली पदरात वेचली आणि घरात गेली. त्या दिवशी सगळ्यांना तोंडलीची भाजी होती. ती स्वतः जेवली नाही.

हे लोहारानं पाहिलं असणार. कारण पुढं काही दिवसांनी फाटकाच्या गजांवरून लोखंडाचा एक वेल वर चढायला लागला. त्याला पानं फुटली, तंतू फुटले, अंगठ्याएवढी तोंडलीसुद्धा लागली. आजोबा बघायला आले आणि म्हणाले, "मी भाले सांगितले होते. ही भाजी कुणी सांगितली?"

"बेल काट दी थी, बाबूजी. वापस दे रहा हूँ," तो म्हणाला.

आजोबांनी आत्याकडे एकदा पाहिलं आणि काम चालू ठेवायला सांगितलं.

दुपारी त्याची भाकरी आत्याच घेऊन जायची. थोडा वेळ थांबायची. पान असं नसतं, पसरट असतं, कड आत वळलेली असते, असं तळहात दुमडून त्याला दाखवायची. मग तो तापलेलं पान पुन्हा ऐरणीवर धरायचा. आत्याला मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या हिवाळ्यात.

फाटक बसलं त्या संध्याकाळी मी ओसरीवर शेंगा फोडत होते. लोहार पायातल्या वहाणा काढून आजोबांसमोर उभा राहिला. आपलं सगळं तिकडं गेलं, आता दिल्लीच्या बाजूला भाऊ आणि आई तेवढे आहेत, असं त्यानं आधी सांगितलं. मग त्यानं आत्याला सरळ मागणी घातली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

आजोबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आमच्यात असं होत नसतं. उद्या सकाळी निघा."

सकाळी त्यानं भाता आणि ऐरण बैलगाडीत चढवली. आत्या गोठ्यात धार काढत होती. फाटक त्यानंच बाहेरून ओढून घेतलं.

त्यानंतर त्याचा विषय घरात निघाला नाही. दर दिवाळीला फाटक धुवायचं काम मात्र आत्या दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. मी लग्न होऊन सदाशिव पेठेत आले, शाळेत शिकवू लागले. माहेरी गेले की फाटकाचा आवाज ऐकून पहिली बाहेर यायची ती आत्याच, आणि मी आहे हे दिसल्यावर तिचा चेहरा क्षणभर उतरायचा. मग ती हसून म्हणायची, "तू व्हय. ये."

पुढं वाटण्या झाल्या. बाग गेली, बंगला गेला, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आत्या माझ्याकडे राहायला आली. तिनं कशाचीच तक्रार केली नाही. एकदा सकाळी चहा पिता पिता मात्र तिनं विचारलं, "माझं फाटक कुठं हाय?"

सत्तरी ओलांडलेल्या आत्याच्या तोंडून 'माझं' हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. त्याच आठवड्यात मी चुलतभावाला घेऊन हडपसरला गेले. शेवटच्या इमारतीमागं राडारोड्याखाली फाटक सापडलं. एक झडप ट्रकखाली चेपलेली, गजांमधून गवत वाढलेलं. तिथला मॅनेजर म्हणाला, "न्या हो काकू, मी भंगारवाल्यालाच सांगणार होतो."

ज्याला दाखवावं तो नवीन करून घ्या म्हणायचा. शेवटी घडीव लोखंडाचं काम करणारं एक तरुण जोडपं भेटलं. त्यांनी रंगाचे थर खरवडले, गज तापवून सरळ केले. काही पानं मात्र तुटून गेली होती. आत्या रोज माझ्याबरोबर रिक्षानं तिथं यायची आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायची. त्या जोडप्यातल्या मुलीनं नव्यानं केलेलं पहिलं पान तिनं परत केलं, दुसरंही केलं. तिसरं हातात घेऊन ती बराच वेळ त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या आजोबांनी त्यास्नी नाही म्हटलं, ते ठीक हाय. पण मला कुणी विचारलंच नाही गं."

"विचारलं असतं तर?"

"गेले असते." मंडईत जाऊन येते म्हणावं, इतक्या सहज ती हे बोलली.

चुलतभावाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर त्याची रोपवाटिका आहे. फाटक तिथं बसवलं. आत्यानं ते एकदा उघडलं, एकदा लावलं आणि चला म्हणाली. परतताना रिक्षात मी तिला विचारलं, तो कुठल्या गावचा होता, ठाऊक आहे का? तिनं लगेच गावाचं नाव सांगितलं. पन्नास-पंचावन्न वर्षं ते तिनं मनातच धरून ठेवलं होतं. मी घरी येऊन नकाशात शोधलं. सीमेपलीकडे तशा उच्चाराची दोन गावं निघाली, नदीच्या या आणि त्या काठावर. यातलं कुठलं, म्हणून मी नकाशा तिच्यापुढं धरला. चष्मा लावून तिनं दोन्हींवर बोट ठेवून पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "मला आता कुठं जायचंय?"

पण नकाशा काही तिनं बराच वेळ परत दिला नाही.