तीन बोटं कललेली मोटार

सांगलीच्या हवालदारांना घाई म्हणून नव्हती. समोरच्याची घाई दिसली की ते आणखी सावकाश व्हायचे. लढाईत फौजेच्या वर्कशॉपात काम करून परतल्यावर त्यांनी पत्र्याची एक शेड घातली होती आणि तिथं ते मोटारी दुरुस्त करत. मी तेव्हा आष्ट्याला नवा डॉक्टर. माझ्या जुन्या मोटारीचे मागचे दोन्ही पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा, त्यांनी नवे बसवले, आणि गाडी उजवीकडं चांगली तीन बोटं कलली.

मी तणतणत परत गेलो. हवालदारांनी गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी जमिनीलाच उतार आहे का म्हणून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठं वाहतं ते बघत बसले. मग चाकांतली हवा. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "डाक्टर, तुमचं वजन किती?"

"माझ्या वजनाचा काय संबंध? गाडी रिकामी उभी आहे!"

"रोज एकटंच उजवीकडं बसता. इचारलं आपलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजवा पाटा डावीकडं आणि डावा उजवीकडं घातला. "आता डावीकडं कलली, तर पाटा खोटा." गाडी उजवीकडंच कलली. इकडं मी सायकलवरून हिंडून रोगी तपासत होतो. वैतागून म्हणालो, "हवालदार, उजव्या पाट्याखाली एक लोखंडी पट्टी घाला आणि सोडा मला!"

"ताप कशाचा हाय ते न बगताच तुमी सुई मारता व्हय?"

कधी कधी मारत होतो.

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये एक मोटारमालक आले होते. आपल्या दोन प्रवासी गाड्यांचं कायमचं काम ते हवालदारांना देणार होते. नेमके तेव्हाच हवालदार माझ्या गाडीखालून ओरडले, "गावलं! उजवी दबली न्हाई, डावीच वर धरलीया!"

पाट्याचं मागचं टोक ज्या कडीत झुलतं, ती डावीकडची जुनी कडी गंजून घट्ट बसली होती. वजन पडलं तरी पाटा पसरत नव्हता. बाहेर येऊन त्यांनी त्या पाहुण्यांसमोरच सांगितलं, "पाटं बदलताना कडी सोडून बगायला पायजे हुती. म्या बगितली न्हाई. माजीच चूक."

कडी बदलली, गाडी सरळ झाली. मोटारमालक मात्र केव्हाच निघून गेले होते.

"अहो, ते जाईपर्यंत तरी थांबायचं होतं!" मी डोक्याला हात लावला.

"त्यांच्या गाडीत माणसं बसत्यात, डाक्टर."

त्या गाड्या कधी आल्या नाहीत. वर्षभरात शेड बंद झाली आणि हवालदार महाबळेश्वरला टॅक्सी सांभाळायला गेले. पुन्हा भेट झाली नाही.

पुढं एकदा माझ्या औषधानं एका बाईच्या अंगभर गांधी उठल्या. कंपाउंडर म्हणाला, "उष्णता बाधली म्हणून सांगू या." मी तिच्या घरी गेलो आणि औषध मीच चुकीचं दिलं, असं तिच्या नवऱ्याला सांगितलं. बाई बरी झाली, पण ते घर माझ्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढलं नाही. त्या दिवशी परत येताना, वाटभर, मला हवालदारांचा भयंकर राग येत होता.