भांडायला येणारे काका

पनवेलमध्ये भांडणं पुष्कळ झाली, पण भांडून माणसं सावरण्याची कला एकाच गृहस्थांना येत होती, आणि ते तुमच्या आजोबांचे मित्र होते. बाळांनो, काळा कोट घालून श्रीखंड खाणारे काका तुम्हाला आठवत असतील. कोर्ट सुटलं तरी त्यांचा कोट सुटत नसे. आजोबांच्या वकिलांच्या क्लबाचा साहाय्य निधी ते सांभाळत. कुणा सभासदाच्या घरावर आजारपण किंवा मृत्यू ओढवला तर त्या घराला हातभार लागावा, म्हणून सगळे वर्गणी भरत. भरत म्हणजे, काका भरायला लावत. लग्नाच्या पंगतीत जिलबीची वाट बघणाऱ्या वकिलाशेजारी बसून ते पावतीपुस्तक काढत आणि म्हणत, "उद्या अंथरूण धरलंत तर कोण बघणार? भरा." निम्म्या क्लबाची जिलबी त्यांनी कडू केली.

देताना मात्र 'मदत' हा शब्द त्यांना वर्ज्य. घेणाऱ्याची मान खाली गेली की निधी बुडालाच म्हणून समजा, असं ते म्हणत. म्हणून संकटातल्या घरी ते भांडायला जात. बेलपाड्याचा एक तरुण वकील मोटारसायकलवरून पडला, तेव्हा त्याच्या आईने दारातच सांगितलं, "आमी कोनाचं फुकट घेत नाय." काका तिच्यावरच उखडले. तुमच्या मुलाने वर्गणी जास्त भरून ठेवली आहे, माझा हिशेब अडलाय, लोक मला चोर म्हणतील. सगळं धादांत खोटं. त्या माउलीने पैशांचं पाकीट हिसकावून घेतलं, इतके दिवस झोपला होतात का म्हणून चारचौघांत सुनावलं आणि तांदळाची भाकरी खायला घालूनच सोडलं. तिने काय काय ऐकवलं ते काका पुढे महिनाभर कौतुकाने सांगत होते.

आजोबांच्या बायपासच्या वेळी ते आमच्याकडेही असेच तणतणत आले. मला खरं ठाऊक होतं, तरी मी रागावूनच पाकीट घेतलं. त्या दिवसांत कुणावर तरी रागावता आलं, हेच फार बरं वाटलं.

पुढे त्यांच्या पत्नीचं मोठं ऑपरेशन निघालं आणि काका खांदा कॉलनीतलं ऑफिस विकायला निघाले. क्लबातले एकेक जण समजूत घालायला गेले आणि हात हलवत परत आले. निधी सांभाळणाऱ्याने निधीला हात लावायचा नाही, एवढंच त्यांचं उत्तर. शेवटी मी त्यांच्या ऑफिसात गेले. कॉन्व्हेंटच्या शिस्तीत वाढलेली मी, कुणावर कधी ओरडले नव्हते. पाकीट टेबलावर ठेवून म्हटलं, "भावजी, तुम्ही वर्गणी जास्त भरलीत. क्लबाचा हिशेब अडलाय. हा काय कारभार झाला?"

काकांनी पाकिटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वहिनी, भांडण जमत नाही तुम्हाला. आवाज चढवा जरा."

मी चढवला. शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. तेव्हा कुठे काकांनी पाकीट उचलून कोटाच्या खिशात घातलं आणि माझ्याच अंगावर ओरडले, "मग इतके दिवस झोपला होतात का?"

काकू बऱ्या झाल्या. ऑफिस राहिलं. आता काका नाहीत. निधी आहे, पैसे थेट बँकेत जमा होतात, मोबाइलवर मेसेज येतो, सगळं अगदी व्यवस्थित. परवा कामोठ्याच्या एका वकीलबाईंचा फोन आला होता. नुकतेच त्यांचे यजमान गेले. म्हणाल्या, "पैसे मिळाले हो आजी. पण घरी कोणीच आलं नाही."

त्याच संध्याकाळी मी कामोठ्याची रिक्षा केली. वाटेत आवाज चढवायचा थोडा सराव केला.