दोन तारे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं माणूसही फारसं नव्हतं म्हणा – एकच होतं, आणि नेमकं तिलाच सांगता येत नव्हतं. आता ती नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे, सावकाश. मध्ये थांबले तर समजून घ्या.

मी जळगावला एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. पिंप्राळ्यात दोन खोल्यांत एकटी राहते. संध्याकाळी घरी आले की चहा ठेवते आणि फोनवर खेळ खेळते. वयाला शोभत नाही, ठाऊक आहे. पण ते गोळीबाराचे, पळापळीचे खेळ नव्हेत. एखाद्या माणसाने घरी बसून एकट्याने केलेले छोटे खेळ – एक रिकामं घर, एक बंद कपाट, किल्ली कुठेतरी दुसरीकडेच. अशा खेळांत कुणी मरत नाही. फक्त अडकतं. मला ते जवळचं वाटायचं.

खेळ संपला की मी त्याखाली माझं मत लिहायची, मराठीत, आणि तारे द्यायची. एक ते पाच. माझ्या नावाने नाही – 'नीरक्षीर' या नावाने. काय दिमाख होता बघा! दूध आणि पाणी वेगळं करणारी मी. दिवसभर मुलांना पुस्तकं काढून देणाऱ्या, कुणाच्या लक्षात न राहणाऱ्या बाईचं मत कुठेतरी दहा-वीस लोक वाचतात, याचं मला फार सुख होतं.

वैशाली माझी शिंदखेड्याची मैत्रीण. पहिलीपासूनची. तिच्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही. शाळा सुटली की आम्ही दोघी तिच्या घरी जायचो आणि दार वाजवायचो. आतून अक्का विचारायची, "कोन शे?" आम्ही दोघी एकदम ओरडायचो, "मी शे!" कोण कोणती ते तिने आवाजावरून ओळखायचं, असा खेळ होता. अक्का दाराआडूनच म्हणायची, "एक मनी शे, एक लोकेस्नी शे. दोन्ही भुक्या शेतस." एक माझी, एक लोकांची, असं म्हणून मग दार उघडायची.

मी पुढे शिकायला जळगावला आले. पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघून गेलं. वर्ग हसला. फार नाही, थोडासाच. पण त्यानंतर मी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. घरी गेले तरी नाही. वैशाली माझ्याशी अहिराणीत बोलायची, मी तिला पुस्तकातल्या मराठीत उत्तरं द्यायची. तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. "तू शिकेल शे," शिकलेली आहेस, एवढंच म्हणायची. त्यात टोमणा होता का? नसावा. तो मीच शोधत राहिले.

ती शिंदखेड्यातच राहिली, अक्काजवळ. दोंडाईच्याला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. आणि तिथलं काम आटोपून, कुणाला न सांगता, दोन वर्षं तिने एक खेळ केला. चित्रं हाताने काढली. आवाज सगळे स्वतःच दिले – म्हातारीचा, दुकानदाराचा, बकरीचासुद्धा. खेळाचं नाव 'कोन शे?'

भर दुपारची एक गल्ली. तुम्ही तुमचं घर विसरला आहात. प्रत्येक दारामागून कुणीतरी बोलतं आणि त्या बोलण्यावरून कोडं सोडवत पुढे जायचं. सगळं अहिराणीत. शेवटच्या दारामागून एक बाई विचारते, "कोन शे?" – आणि बाहेरून दोन मुली एकदम ओरडतात.

त्यातला एक आवाज माझा होता. म्हणजे वैशालीनेच काढलेला, पण माझा. थोडा नाकातला, शेवटी वर जाणारा. जो मी इतकी वर्षं दाबून टाकला होता, तो तिने जसाच्या तसा सांभाळून ठेवला होता.

दुसऱ्या कुणी असं काही केलं असतं तर मी रडले असते. मी काय केलं?

तिने फोनवर विचारलं, "खरं सांग, कसा शे?" मी म्हणाले, "छान आहे." आणि त्याच संध्याकाळी नीरक्षीरने लिहिलं – मला ते पाठ आहे – 'कोडी बरी आहेत. पण खेळ करणाऱ्याला साधं शुद्ध मराठी येत नसेल तर त्याने आधी शाळेत जावं. हे शे-शे ऐकून हसावं की खेळ बंद करावा, कळत नाही. दोन तारे, तेही चित्रांसाठी.'

त्या खेळाखाली एकूण पाच-सहा मतं होती. माझं सर्वांत मोठं. सर्वांत नीट लिहिलेलं.

इथे थांबावंसं वाटतं. कारण एवढंच असतं तर तो एका दिवसाचा मत्सर म्हणून मीच मला सोडून दिलं असतं. पण पुढे जे केलं ते मत्सराने नाही केलं. ते शांतपणे, चष्मा पुसून केलं.

दोन आठवड्यांनी वैशाली गाडीने जळगावला आली. वहीत सगळे संवाद लिहून आणले होते. म्हणाली, "एक जन लिखी ऱ्हायना, भाषा खराब शे. मोठा जानकार दिखस. माले लाज वाटी ऱ्हायनी." लाज वाटतेय म्हणतच तिने वही माझ्यापुढे सरकवली. "शुद्ध करी दे ना बठ्ठं."

मी तेव्हा बोलू शकत होते. वही मिटून तिच्या हातात परत देऊ शकत होते. मी लाल पेन घेतलं.

'शे'चं 'आहे' केलं. 'बठ्ठं'चं 'सगळं'. 'माले'चं 'मला'. सबंध रविवार गेला. मग तिला टेबलाशी बसवून एकेक वाक्य म्हणून दाखवलं, ती माझ्यामागून म्हणायची आणि फोनमध्ये भरून घ्यायची. 'कोण'मधला 'ण' तिला जमेना. मी म्हणायची, "ण. जीभ वर लाव. ण." ती हसत सुटली. "हाऊ ण म्हंजे तोंडमा गरम भरीत धराना मायक शे!" मीही हसले. फार छान दिवस गेला तो. हे सांगायला हवं – आमच्या इतक्या वर्षांतल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक होता. तिने माझ्या हातची खिचडी खाल्ली. मी तिला शेवटच्या दाराचं वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं. "मी आहे." आवाज खाली ठेव. ओरडू नकोस. "मी आहे."

नवा खेळ आला. माझ्या फोनमधला जुना आपोआप पुसला जाऊन त्या जागी नवा बसला. तिनेही जुने आवाज काढून टाकले. लाज वाटते म्हणाली. नीरक्षीरने मत बदललं – 'भाषा सुधारली आहे. अभिनंदन. चार तारे.' वैशालीचा फोन आला. "दख व, तारा वाढनात! त्यानी पुन्हा खेळीसन दखं." मी म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" त्या मत देणाऱ्याला ती शेवटपर्यंत 'तो' समजत राहिली. त्याच्यासाठी पुढचा खेळ शुद्ध भाषेतच करायचा, असं तिचं ठरलं होतं.

तो झाला नाही. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.

दहाव्यानंतर मी अक्काजवळ राहिले होते. दुपारी अक्का म्हणाली, फोनमा तिना आवाज शे म्हन्तस, माले ऐकाड. मी खेळ लावून दिला. फोन कानाशी धरून ती एकेक दार ऐकत गेली. कोडी मी सोडवत होते. तिला फक्त ऐकायचं होतं. शेवटचं दार आलं. "कोण आहे?" "मी आहे."

अक्काने फोन खाली ठेवला. म्हणाली, "आवाज मनी आंडेरना शे. बोलनं तिनं नही शे." आंडेर म्हणजे लेक. मग माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत – "कोनी शिकाडं व माय तिले हाई?"

कुणी शिकवलं तिला हे, असं ती विचारत होती. मी समोर बसले होते. दोन हातांवर. मी म्हणाले, "आजकाल असंच करतात, अक्का."

लेकीचा तेवढाच आवाज तिच्याकडे उरला आहे, आणि तो माझ्या भाषेत बोलतो.

अक्काला वाचता येत नाही. हे मी इथे लिहिते आहे त्याचं एक कारण ते आहे, हेही लिहून ठेवते.

मागच्या रविवारी शिंदखेड्याला गेले होते. दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोन शे?"

गाडीत बसल्यापासून मनात घोकत होते – आज तरी 'मी शे' म्हणायचं. तोंडातून निघालं, "मी आहे." तेच दोन शब्द, त्याच खालच्या सुरात, जसे टेबलाशी बसून वैशालीला दहा वेळा म्हणून दाखवले होते.

आत कडीवर हात पडल्याचा आवाज झाला होता. तो थांबला. गल्लीत कुणी नव्हतं.

मग दार उघडलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. एक मनी, एक लोकेस्नी, असं काही ती म्हणाली नाही. आत गेली, तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि पाठ करून चुलीशी बसली.

मी पाणी प्यायले.