आक्का खिडकीकडे बसायची

आक्का गेल्याचं मला बेळगावच्या स्टँडवर कळलं. शनिवार होता. निपाणीची गाडी लागली, माणसं उतरली, आणि मी आक्का उतरायची वाट बघत राहिले... शेवटी कंडक्टर महादेवअण्णा खाली आले. एरवी लांबूनच थट्टा सुरू करणारा माणूस, पण माझ्याकडे बघेना. "बस पोरी आत," एवढंच म्हणाले. "आज आक्का न्हाईत येणार." पुढचं मला विचारवलं नाही.

आक्का म्हणजे माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून आमच्याकडेच असायची, विड्या वळायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पण त्या वर्षी सीमेच्या वादावरून गाडीवर कधी दगड येईल याचा नेम नसायचा. आप्पा म्हणाले, "पोरगी एकटी जाणार न्हाय. ऱ्हाऊ दे ते कॉलेज." तेव्हा आक्का म्हणाली, "मी जातो की तिच्यासंगं." मग दर सोमवारी ती मला होस्टेलवर सोडायला यायची, शनिवारी न्यायला.

गाडीत ती खिडकीकडे बसायची, मी आतल्या बाजूला. मांडीवर विड्या वळायचं सूप. वाटेत कुठं घोळका दिसला की ती सूप उचलून खिडकीच्या गजांना लावून धरायची.

"काय आक्का, गाडीत पाखडाय बसलायसा व्हय?" महादेवअण्णा विचारायचे.

"व्हय रं, तुझ्या डोक्यातला कोंडा काढतो. गप तिकीट फाड."

सगळी गाडी हसायची. मला वाटायचं, हिला भीती म्हणून नाहीच.

एका सोमवारी दगड आलाच. सूप फाटलं, आक्काचं मनगट सुजलं. बेळगावला उतरल्यावर ती म्हणाली, "आप्पाला सांगू नगंस. तुझं कॉलेज संपंल." मी पाणी आणून दिलं, तर तिला ग्लास धरता येईना... दात वाजत होते.

आक्का वारल्यावर महादेवअण्णा घरी भेटायला आले. बोलता बोलता त्यांनी दगडाची गोष्ट काढली. आप्पांना ती ठाऊक नाही, हे त्यांना कुठं माहीत होतं? आप्पा उठून बाहेर गेले. मी मात्र तेव्हापासून पिशवीत पुस्तकं भरत होते आणि परत काढून ठेवत होते.

आक्काचे दिवस झाल्यावरच्या सोमवारी आप्पा माझ्यामागोमाग निपाणीच्या स्टँडवर आले. वाटलं, आता हात धरून घरी नेतील. पण ते माझ्याआधी गाडीत चढले आणि खिडकीकडे बसले. संकेश्वरच्या पुढं रस्त्याकडेला घोळका दिसला. आप्पांनी डोक्याचा पटका सोडला आणि दोन्ही हातांनी गजांवर ताणून धरला. डोळे घट्ट मिटलेले. गाडी थांबली. ती माणसं गाडीचीच वाट बघत होती. एकेक करून वर चढली, जागा धरून बसली, तिकिटं मागू लागली... तरी आप्पांनी पटका खाली घेतला नाही.