आईच्या वाटणीचे अक्रोड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

आईला विसरण्याचा आजार जडला, तेव्हा मी तिला जामखेडकडच्या आमच्या गावाहून भिंगारला माझ्या घरी आणलं. तिच्या आईलाही म्हातारपणी हेच झालं होतं. शेवटी शेवटी ती पोटच्या लेकीला विचारायची, "बाई, तुमी कुनाच्या?" म्हणजे आजी, मग आई. आणि मग?

त्याच सुमारास ऑफिसात एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारायला गेले आणि नावच आठवेना. अकरा वर्षं सोबत डबा खातो आम्ही! थोड्या वेळानं नाव आठवलं. पण भीती — ती काही गेली नाही.

भाऊ पुण्याहून आईसाठी अक्रोड पाठवायचा. त्यातल्या कसल्याशा घटकांमुळे स्मरणशक्ती टिकते, असं त्यानं मोबाईलवर वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, "द्या, चांगलेच असतात. पण त्यानं हा आजार थांबेल असं मी सांगणार नाही." माझ्या मनानं मात्र एवढंच धरलं — थांबला तर?

रोज सकाळी चार भिजवलेले अक्रोड मी आईला द्यायचे. एका सकाळी ते मीच खाल्ले. ओट्यापाशी उभी राहून, भराभर, चोरासारखे. विकत आणता आले नसते का? आले असते. पण स्वतःसाठी म्हणून आणायचे, तर आपण घाबरलोय हे आधी स्वतःशी कबूल करायला हवं होतं.

खाल्ले ते खाल्ले. पुढचं त्याहून वाईट आहे.

आईनं विचारलं, "आज आक्रोड न्हाई दिलं गं?"

तिला आठवत होतं. अगदी बरोबर आठवत होतं! आणि मी — मी म्हणाले, "दिले की आई. खाल्लेस तू. विसरलीस."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "व्हय? खाल्लं आसंल मग."

हे एकदाच घडलं असतं तर? नाही. तीन-चार महिने चाललं. आधी ती विचारायची, मग विचारेनाशी झाली. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "खाल्लेलं आठवतं का त्यांना?" भावासमोर मी सांगितलं, "अजिबात नाही." त्यांनी गोळी वाढवली.

रोज दुपारी तिला वाढणारी शेजारीण एक दिवस अचानक गावाला गेली. मी संध्याकाळी घरी आले, तर सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच. आई पलंगावर बसलेली, ओठ सुकलेले.

"अगं, भूक नाही लागली?"

"लागली हुती," ती म्हणाली. "पर म्हनलं, जेवले आसंन. मला कुठं काय कळतंय?"

त्या दिवसानंतर मी तिच्या वाटणीला हात लावला नाही. पण खरं काय ते तिला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर घटकाभरात विसरली असती. तेवढंसुद्धा धाडस झालं नाही.

आई मागच्या वर्षी गेली. दहाव्याला भाऊ चारचौघांत म्हणाला, "ताईनं आईचं सगळं केलं."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.