डाव्या कुशीला फिरणारं घर

चक्कर आली की माणूस आडवं होतं. माणूस आडवं झालं की गल्लीतल्या बाया जमतात. आणि बाया जमल्या की किस्सा तयार होतोच, त्याला कुणाकडं औषध नाही. मला तीन वर्षांपासून चक्कर येते. म्हणजे किती साठले असतील ते तुम्हीच बघा.

मी घाटनांदूरला राहते, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत, एकटी. एकटी म्हणायचं आपलं. भिंतीपलीकडं गया आहे. आम्ही दोघी एकाच टोळीत वीसेक वर्षं ऊस तोडायला जात होतो. समोरच्या घरात सुमन आहे, अंगणवाडीची. माझा मुलगा मिलिंद पुण्याला नोकरीला. त्याचं एकच म्हणणं, "माय, पुण्याला चल." माझं एकच उत्तर, "न्हाई." सून चांगली आहे, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर वाचणारे भलतंच धरतील. पण हे घर आम्ही नवराबायकोनं सहा हंगाम घालून उभं केलं. एका हंगामाला पाया, एका हंगामाला भिंती, पत्रे तर सहाव्या हंगामाला आले. मिलिंदचे वडील आता नाहीत. मग मी तरी इथून कशाला हलू?

* * *

पहिली चक्कर आली ती सकाळी. चष्मा घ्यायला मी डाव्या कुशीवर वळले आणि पत्रे गरकन फिरले. पाठोपाठ भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळंच निघालं. आमच्या भागातल्या माणसानं मोठा भूकंप बघितलेला आहे. त्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? मी जेवढा आवाज होता तेवढा लावून ओरडले, "गया, भूकंप! भाईर पळ!"

गया शेळी घेऊन बाहेर. सुमन पोरींना घेऊन बाहेर. पलीकडचे रिटायर मास्तर टॉवेलवर बाहेर. पाच मिनिटांत सगळी गल्ली रस्त्यावर उभी, आणि जिनं भूकंप सांगितला ती आत खाटेची पट्टी धरून पडलेली.

सगळ्यांनी शेळीकडं बघितलं. शेळी निवांत रवंथ करत होती. मग गया खिडकीशी येऊन म्हणाली, "सोना, तुझ्या एकटीच्याच घरात आला काय गं भूकंप?"

* * *

त्याच दिवशी दुपारी बाया बघायला आल्या. कुणी लिंबू आणलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. गयानं मात्र माझ्याकडं वरून खालून बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कवापासून मळमळतंय? आंबट खावंसं वाटतंय का?"

मी अडुसष्ट वर्षांची. बाया पदर तोंडाला लावून हसून हसून बेजार.

पण गयाचं चुकलं नव्हतं. आमच्या टोळीत चक्कर म्हणजे तेवढंच. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, खाली बघायचं नाही, समोरच्या बाईच्या टाचा बघत जायचं. फळीवर कुणी डगमगलं की खालून मुकादम विचारायचा, "नवीन हाय का पोटुशी हाय?" मिलिंदच्या वेळी मी सातव्या महिन्यापर्यंत फळी चढले. गयाच माझ्या पुढं असायची. माझी मोळी हलकी बांधायची आणि स्वतःच्या मोळीत चार कांड्या जास्त घालायची. मला हे कळलं ते बाळंत झाल्यावर. मी भांडायला गेले तर म्हणाली, "तुझ्यासाठी कुठं? पोरासाठी."

संध्याकाळी टोळी उतरायची त्या माळावर चुलींचा धूर बसायचा. पाचटाची खोपी, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि आम्ही दोघी भाकरी थापत मुकादमाची नक्कल करायचो. पाठ मोडून जायची. आता त्या दिवसांचं दुःख आठवत नाही, हसणंच आठवतं. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही.

* * *

मिलिंद सुट्टी टाकून आला आणि मला अंबाजोगाईला घेऊन गेला. कानाची डॉक्टर, तरुण पोरगी, हुशार. तिनं मला टेबलावर बसवलं, मान वळवून एकदम मागं निजवलं, माझे डोळे बघितले. मग मिलिंदकडं तोंड करून सांगायला लागली, "यांच्या कानात बारीक कण असतात, तोल सांभाळायला. ते जागेवरून सरकलेत. यांना आपण..."

मी म्हटलं, "बाई, डोकं माझं फिरतंय. त्याचं न्हाई. माझ्याकडं बघून बोला."

ती गडबडली. म्हणाली, "आजी, तुम्हाला समजेल ना?"

मी शाळेची पायरी चढलेली नाही हे खरं. पण मी अक्षरं शिकले ट्रकच्या पाठीवर. ऊस भरता भरता रोज नवा ट्रक यायचा, रोज नवं वाक्य. ड्रायव्हरला विचारून घ्यायची, काडीनं मातीत काढायची. नंतर मिलिंदची पुस्तकं त्याच्याआधी मीच वाचायची. आज विहारात दुपारी अकरा बायांना वाचायला शिकवते. एवढं सगळं मी तिला सांगितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी सांगितलं.

मग तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली आणि कानाचं चित्र काढून सगळं समजावलं. ऐकून झाल्यावर गया, जी हट्टानं सोबत आली होती, पुढं सरकली. "ते खडे काढले की आमच्या हातात द्या," म्हणाली. "मुतखड्याचा दिलता आमच्या दिराला, बाटलीत घालून."

* * *

पौर्णिमेला विहारात वंदना मी घेते. आवाज मोठा आहे आणि पाठांतर पक्कं आहे, म्हणून. शेवटी तीन वेळा कपाळ जमिनीला टेकून प्रणाम करायचा असतो. आमच्याकडं रीत अशी की पुढची उठली की मागच्या उठतात.

त्या दिवशी दोन प्रणाम नीट झाले. तिसऱ्याला कपाळ टेकलं आणि फरशी निघाली रेल्वेसारखी. मी दोन्ही तळवे दाबून तशीच राहिले. उठले असते तर समोरच्या मेणबत्त्यांवर पडले असते. मागं वीसेक बाया, सगळ्यांची कपाळं खाली. कुणाच्या गुडघ्याला कळ लागली. कुणाचं लेकरू आयती पाठ मिळाली म्हणून चढून बसलं. कुणी हलायला तयार नाही.

शेवटी गया जमिनीलाच तोंड लावून कुजबुजली, "सोना, ध्यान लागलं का झोप?"

मी म्हटलं, "गप. फरशी थांबू दे."

बाहेर पडताना एक नवी सून दुसरीला सांगत होती, "मावशींचा तिसरा प्रणाम लई खोल असतो." तेव्हापासून पाहते, तरण्या पोरी तिसऱ्या वेळी जास्त वेळ खाली राहतात. मी कुणाला काही सांगितलेलं नाही.

* * *

मिलिंद रोज सहाला व्हिडिओ कॉल करतो. बोलायला म्हणून, पण असते ती तपासणी. बसलीय का, उभी आहे का, डोळे ठिकाणावर आहेत का. त्यानं मला बजावलं होतं, "माय, एकदा जरी पडलीस ना, मी गाडी घेऊन येतो. मग तुझं काई ऐकायचो न्हाई."

एका संध्याकाळी बरोबर पावणेसहाला घर फिरायला लागलं. फोन उचलला नसता तर तो घाबरून निघालाच असता. मग बेत केला. मी खुर्चीवर बसले. सुमननं समोर फोन धरला. गया खुर्चीमागं लपली, अंगावर माझी गोधडी ओढून, आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरून बसली, चुंबळीवर घागर धरावी तसं.

मी छान बोलले. जेवण काय, पाऊस किती, नातीची परीक्षा. मिलिंदनं सगळं ऐकून घेतलं. मग फोन जवळ घेऊन म्हणाला, "माय, कानावर हिरव्या बांगड्या घालायची फॅशन कवा आली?"

* * *

आता शेवटचा.

यंदा मी खरोखर पडले. मोरीत, सकाळी, बादली उचलायला वाकले तेव्हा. हाड शाबूत राहिलं, पण गालफडावर हे एवढं काळंनिळं. सुमनला खोटं बोलता येत नाही. तिनं फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी मिलिंद पहाटे पुणं सोडून दुपारी दारात. गाडीतून उतरला, पाणीसुद्धा प्याला नाही. माझ्या साड्या ट्रंकेतून काढून बॅगेत भरल्या आणि बॅग डिकीत टाकली.

मी खाटेवर बसून बघत होते. मी आयुष्यात मुकादमाला ऐकवलं, सरपंचाला ऐकवलं, पण त्याचं तोंड बघून मला बोलता येईना. तो भ्यालेला होता.

बोलली गया. "नेतोस तर ने. पर तिथं तिचं डोकं कोण धरणार?"

"म्हंजे?"

तेव्हा त्याला कळलं. कानातले कण जागेवर बसवायला मान कशी फिरवायची, ते डॉक्टरनं गयाला शिकवून ठेवलं होतं. मान वळवायची, मागं निजवायचं, अर्धा मिनिट धरायचं, मग दुसरीकडं. गयाला घड्याळ कळत नाही. ती मनात वंदनेतलं त्रिसरण म्हणते. पूर्ण झालं की अर्धा मिनिट झाला. पडल्यावर मला तिनंच तासाभरात उभं केलं होतं.

मिलिंदचा विश्वास बसेना. "मावशी, तुमी? माझ्या मायची मान? काई झालं असतं म्हंजे?" मग शर्टाची वरची गुंडी सोडून खाटेवर बसला. "माझ्यावर करून दाखवा. मला बघायचंय."

गयानं पदर खोचला. त्याची मान डावीकडं वळवली, खांदे धरून मागं निजवलं आणि त्याचं डोकं खाटेच्या कडेवरून थोडं खाली, आपल्या दोन्ही तळहातांत घेतलं. ओठ हलायला लागले. मी आणि सुमन श्वास धरून उभ्या.

ओठ थांबले. पण गयानं मान दुसरीकडं वळवली नाही. ती तशीच वाकून उभी.

"काय झालं?" मी विचारलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "झोपलाय."

पहाटेपासून गाडी चालवत आलेला माणूस. तोंड उघडं, घोरतोय. चाळीस वर्षांचा बाप्या. लहानपणी उसाच्या फडात झाडाच्या झोळीत असाच झोपायचा.

सुमननं उशी आणली तर गयानं मान हलवून नको म्हटलं. मी स्टूल सरकवलं, त्यावर ती बसली आणि डोकं तसंच मांडीवर घेतलं. चहाची वेळ झाली. दारात शेळी ओरडून गेली. गया हलली नाही.

उन्हं उतरल्यावर तो जागा झाला. बाहेर गेला, डिकी उघडल्याचा आवाज आला. बॅग आणून ट्रंकेवर ठेवली. तोंड धुतलं. मग परत खाटेवर येऊन बसला, मान उजवीकडं वळवली आणि म्हणाला, "गयामावशी, एकच बाजू झाली."