खंडेनवमीला बायकोच्या लॅपटॉपवर

महाळुंग्यात माझं गाड्यांच्या पार्टसाठी डाय, म्हणजे साचे, बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर मी विकत घेत नाही, ट्रायलवर ढकलतो. मुदत संपली की काढायचं, पुन्हा टाकायचं. यंदा मात्र ते अडूनच बसलं. कॉम्प्युटरची तारीख मागे नेली, फोल्डर शोधून शोधून पुसले, अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. तरी पठ्ठ्याचं आपलं एकच, या मशीनवरची ट्रायल संपली आहे. आणि तिकडे गिऱ्हाईक फोनवर बोंबलतंय, ड्रॉइंग आजच पाहिजे!

नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी. बायको हिंजवडीला आयटीत आहे. तिनं हौसेनं कंपनीचा लॅपटॉप आणला, लेथशेजारी पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. पूजा झालेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. ती शेजारच्या शेडमध्ये प्रसाद द्यायला गेली आणि मी झेंडूचं फूल बाजूला सारून लॅपटॉप उघडला. पासवर्ड मला ठाऊक होता. म्हटलं, नवं मशीन, नवी ट्रायल. काम झालं की काढून टाकू, कोणाला कळतंय?

सॉफ्टवेअर बसलं, पेनड्राइव्हवरचं ड्रॉइंगही उघडलं. पण ट्रायलमधून फाइल बाहेर पाठवायची सोयच या खेपेला बंद केलेली. डोकं फिरलं माझं. ड्रॉइंग त्या दिवशी गेलंच नाही. सगळं पुसलं आणि ती यायच्या आत लॅपटॉप मिटून ठेवला.

दसऱ्यानंतर कंपनीनं तिला जाब विचारला. पुसलेलंही त्यांना दिसतं म्हणे. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "तुम्हीच ना?"

म्हटलं, "हो. उद्या सरळ माझं नाव सांग."

"वेड लागलंय का? कंपनीचा लॅपटॉप नवऱ्याच्या हातात दिला म्हटलं तर उभ्या उभ्या काढतील. मीच टाकलं, शिकायला म्हणून, असं सांगून आलेय."

नोकरी वाचली. पण ठरलेलं प्रमोशन दुसऱ्या कोणाला गेलं. त्यासाठी ती किती राबली होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. लाज वाटते हो मला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रमोशन गेल्याचं कळलं त्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "निदान तुमचं ड्रॉइंग तरी वेळेवर गेलं ना?"

"गेलं," मी म्हणालो.

"मग असू दे," म्हणत तिनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.